हाफ मॅरेथॉन: अठरा आठवडे आधीचे, दोन आठवडे नंतरचे

डिसेंबर लागला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. "जानेवारीत हाफ आहे, नडगी दुखतेय, काय करू?" विचारपूस केली की हकिगतही ठरावीकच निघते. नाव दिवाळीनंतर नोंदवलेलं, पळायला सुरुवात नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि नाशिकच्या गंगापूर रोडवर रोज कालच्यापेक्षा आज जोरात. दम सहा-आठ आठवड्यांत बऱ्यापैकी वाढतो. हाडं आणि टाचेमागची जाड शीर यांना मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो. दम टिकतो म्हणून माणूस अंतर वाढवत सुटतो आणि पाय मागे राहतात.

दुसरी चूक शर्यतीनंतरची. रविवारी पदक गळ्यात पडतं आणि मंगळवारी तोच माणूस पुन्हा जॉगिंग ट्रॅकवर दिसतो. फेब्रुवारीत तो फिजिओथेरपिस्टकडे असतो. म्हणून मी वेळापत्रक वीस आठवड्यांचं धरतो. अठरा शर्यतीआधीचे, दोन नंतरचे. नंतरचे दोन वजा केले तर तयारी अपुरी, असं मी नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

हे सगळं नोकरी-व्यवसाय सांभाळून पळणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना २१.१ किलोमीटर सव्वादोन ते तीन तासांत आणि धडधाकट पायांनी संपवायचे आहेत. सलग अर्धा तास सावकाश पळता येत नसेल तर आधी दोन महिने चालणं आणि थोडं थोडं पळणं यात घालवा. या मोसमात १० किलोमीटरची शर्यत करा, हाफ पुढच्या वर्षी.

टप्पा १: तारखेपासून उलटं मोजा

शर्यतीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि अठरा रविवार मागे या. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची शर्यत असेल तर सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर येते. म्हणजे पाऊस अजून गेलेला नाही आणि गणपती-नवरात्र-दिवाळी तिन्ही तयारीच्या आसपास आहेत. हे आधीच कागदावर मांडलं नाही तर प्रत्येक सणाला वेळापत्रक मोडतं आणि मग "भरपाई" म्हणून एका आठवड्यात दोन आठवड्यांचं पळणं होतं. इजा तिथेच होते.

नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी तो आठवडा हलका ठेवावा. साबुदाणा आणि बटाट्यावर सावकाश ५ किलोमीटर जमतात, पण त्या आठवड्यात लांब धाव वाढवू नये. दिवाळीत गावी जाणार असाल तर बूट बॅगेत टाका आणि दोनदा अर्धा-अर्धा तास पळा, बस. हलका आठवडा दर चौथ्या आठवड्याला असतोच. तो सणाच्या आठवड्यावर सरकवला तर काही बिघडत नाही.

रविवारच्या लांब धावेचे आकडे किलोमीटरमध्ये असे:

आठवडा १ ते ४: ६, ७, ८, ६
आठवडा ५ ते ८: ९, १०, ११, ८
आठवडा ९ ते १२: १२, १३, १५, १०
आठवडा १३ ते १५: १६, १७, १८
आठवडा १६ आणि १७: १४, १०
आठवडा १८: शर्यत

सरावात २१ किलोमीटर का नाहीत, हे प्रत्येक जण विचारतो. १८ किलोमीटर सावकाश पळायला आपल्याला दोन ते अडीच तास लागतात. त्यापुढे पायांची झीज जास्त आणि मिळकत कमी. उरलेले तीन किलोमीटर विश्रांती घेतलेले पाय शर्यतीत काढतात.

*तपासा:* एखादा आठवडा आजारपणात गेला तर तो सोडून द्या आणि एक पायरी मागून पुन्हा सुरू करा. सलग तीन आठवडे गेले तर शर्यतीचं अंतर बदला.

टप्पा २: पळण्याआधी उरकायच्या गोष्टी

वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा जिना चढताना छातीवर दाब येत असेल, तर आधी डॉक्टर. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्या. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आमच्या गटातल्या एका शिक्षिकेला तीन महिने वाटत होतं की आपला व्यायामच कमी पडतोय. हिमोग्लोबिन ९ निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत तीच बाई न थांबता १० किलोमीटर पळाली.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालणार तेच मोजे घालून उभं राहा. सर्वांत लांब बोट आणि बुटाचं टोक यात अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नखं काळी पडतात. तळात कडक पट्टी असलेला महागडा कार्बन प्लेटचा बूट पहिल्या हाफला नको. मोजे सुती नकोत, ओल धरून फोड आणतात. बुटाची साधारण मर्यादा ५०० ते ८०० किलोमीटर. या वेळापत्रकात एक जोड पुरतो, पण पावसासाठी जुना दुसरा जोड असावा. ओला बूट उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नका. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या नाहीत तर चिखल्या होतात आणि पंधरा दिवस वाया जातात.

आता जागा. पहिल्या काही आठवड्यांसाठी गोल्फ क्लबचं मैदान किंवा घराजवळचा जॉगिंग ट्रॅक उत्तम, कारण माती नडग्यांना सोसते. पण लहान ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने फिरतात आणि दहा किलोमीटर सतत एकाच बाजूला वळत राहिलं की एकच गुडघा कुरकुरतो. गर्दी नसेल तेव्हा अर्ध्या फेऱ्या उलट्या मारा. रस्त्याचंही तसंच. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो आणि सतत कडेनं पळालं की एक पाय खाली, एक वर राहतो. शक्य तिथे सपाट भाग धरा.

लांब धावेसाठी आपल्याकडे गंगापूर रोड सोयीचा. सोमेश्वर ओलांडून गंगापूर धरणाच्या दिशेने जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. एक लक्षात ठेवा, धरण नदीच्या वरच्या अंगाला आहे. जाताना एकूण चढ, येताना एकूण उतार. परतीचा वेग पाहून हुरळून जाऊ नका, तो उताराचा आहे. त्र्यंबक रोडवर वाहनं जास्त असतात, तिथे एकट्याने अंधारात जाऊ नका. सिंहस्थाच्या कामांमुळे ठिकठिकाणी रस्ते खोदलेले असतात, म्हणून नवा रस्ता पळण्याआधी एकदा दुचाकीवरून पाहून या.

*सावधान:* समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने पळा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेपाचला मिट्ट काळोख असतो. चमकणारी पट्टी आणि छोटा दिवा हवाच. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवा, चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करा.

टप्पा ३: पहिले आठ आठवडे, फक्त सावकाश

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

आठवड्यात चार दिवस पळा. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि रविवार, असं काहीसं. मधल्या तीन धावा ३० ते ४५ मिनिटांच्या, रविवारी वरच्या तक्त्याप्रमाणे. सोमवार पूर्ण सुट्टी. बुधवारी आणि शनिवारी वीस मिनिटं पायांच्या ताकदीचे व्यायाम.

सावकाश म्हणजे किती? शेजारी पळणाऱ्याला घरच्या लग्नाची हकिगत सलग सांगता आली पाहिजे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर पाठ असलेलं एखादं स्तोत्र किंवा पाढे मोठ्याने म्हणून पाहा. घड्याळात किलोमीटरला आठ, साडेआठ मिनिटं दिसतील. दिसू द्या. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तोच दम आणखी अर्धा मिनिट हळू दिसेल, तेही चालेल. शरीर त्या वेगाला स्नायूंमध्ये रक्ताची बारीक जाळी वाढवतं, चरबी जाळायला शिकतं आणि हाडांना भराव घालायला वेळ मिळतो. रोज धापा टाकत पळालात तर यातलं फार थोडं घडतं आणि रविवारी पाय जड राहतात.

चार मिनिटं पळून एक मिनिट चालणं ही अगदी भक्कम पद्धत आहे. त्यात कमीपणा मानू नका. अट एकच. चालण्याचं मिनिट थकायच्या आधी, ठरल्या वेळी घ्यायचं. थकल्यावर चालणाऱ्याला पुन्हा पळायला उठणं जड जातं.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा उचलणं आणि सावकाश खाली आणणं, आधी दोन्ही पायांवर, महिन्याभराने एका पायावर. खुर्चीवरून एका पायावर उठणं-बसणं. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ धरणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. टाचा उचलण्याचा व्यायाम कंटाळवाणा असतो आणि लोक तोच सोडतात. नडगी आणि टाच मात्र त्यानेच वाचतात.

सुरुवातीला ताठ उभं राहून ताणून धरणारे स्ट्रेच नकोत. थंड स्नायू तसे ताणल्याने काही साधत नाही. पाच मिनिटं भरभर चाला, पाय पुढे-मागे झुलवा, मग हळू सुरू करा. ताणायचंच असेल तर पळून झाल्यावर.

*नेहमीची चूक:* आठवडाभर शून्य आणि रविवारी गटासोबत १४ किलोमीटर. आठवड्यातली सगळी धाव एकाच दिवशी कोंबणारा माणूस बाराव्या-तेराव्या आठवड्यात हमखास अडकतो. मधला एखादा दिवस बुडाला तर रविवारचं अंतर दोन किलोमीटरने कमी करा.

*तपासा:* सातव्या आठवड्याच्या शेवटी ११ किलोमीटर पळून झाल्यावर त्याच दुपारी तुम्ही घरची कामं सहज करू शकता का? सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढी राहते का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तर पुढे चला.

टप्पा ४: रविवारी खाणं-पिणं शिकणं

नवव्या आठवड्यापासून रविवार पायांइतकाच पोटाचाही सराव असतो. सव्वा तासाच्या पुढच्या धावेत शरीराला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पाकिटातलं एनर्जी जेलच हवं असं काही नाही. आपल्याकडे मनुका मुबलक. ३० ग्रॅम मनुकांत साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. त्या छोट्या पिशव्यांत बांधून खिशात ठेवा. मध्यम केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. पहिला घास ४०-४५ मिनिटांनी, पुढे दर अर्ध्या तासाने, सोबत दोन-तीन घोट पाणी. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

पाणी तहानेप्रमाणे प्या. किती लागतं हे पाहायची सोपी रीत म्हणजे धावेआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करणं. वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तर पाणी कमी पडलं. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात आणि ते जास्त धोक्याचं, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. छोट्या बाटलीत अख्खी पुडी ओतणारे मी दर रविवारी पाहतो. त्याने पोट बिघडतं आणि तहान वाढते. खोक्यातली गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका, लेबल वाचा.

आणि मिसळ. रविवारची लांब धाव आणि नंतर गटासोबत मिसळ, हे नाशिकमध्ये कुणी सोडणार नाही आणि सोडायला मी सांगतही नाही. पण १५ किलोमीटरनंतर रिकाम्या, हिंदकळलेल्या पोटात थेट तर्री गेली की दुपारभर जळजळ होते. आधी केळं किंवा दूध, अर्धा लिटर पाणी, कोरडे कपडे. तासाभराने मिसळ, दह्यासोबत.

टप्पा ५: थोडा वेग

नवव्या आठवड्यापासून गुरुवारी. दहा मिनिटं सावकाश, मग १५ ते २५ मिनिटं अशा वेगाने की एखादं वाक्य तुटक बोलता येईल, मग पुन्हा दहा मिनिटं सावकाश. आठवड्यात एकदाच. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर धावत चढणं काहींना आवडतं. चढा, पण उतरताना चाला. उतारावर गुडघ्यावर आणि मांडीवर येणारा भार मोठा असतो.

बाराव्या आठवड्यात १० किलोमीटरची वेळ घ्या. त्याची सव्वादोन पट म्हणजे तुमच्या हाफची प्रामाणिक वेळ. १० किलोमीटरला ६५ मिनिटं लागली तर दोन तास पंचवीस मिनिटांच्या आसपास. मित्राची वेळ मनात धरून आखणी करू नका.

टप्पा ६: दुखणं ओळखा

पाय भरून येणं आणि इजा यांतला फरक कळला पाहिजे. भरून आलेला पाय दोन्हीकडे सारखा दुखतो, पसरट दुखतो आणि पाच मिनिटं चाललं की सैल होतो. इजा एका बाजूला असते, बोट ठेवून दाखवता येते आणि पळताना वाढत जाते.

माझ्या दुसऱ्या हाफच्या वेळी डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दुखत होतं. रात्री कूस बदलताना ठणका लागायचा. शर्यत तीन आठवड्यांवर होती म्हणून मी वेदनाशामक गोळी घेऊन १८ किलोमीटर पळालो, शर्यतही तशीच केली. हाडाला सूक्ष्म तडा होता. आठ आठवडे पळणं बंद, त्यातले तीन कुबडीवर. पहिल्या आठवड्यात थांबलो असतो तर बहुधा ती शर्यतही धड पळता आली असती.

म्हणून नियम असा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं असेल तर अंतर कमी करून चालू ठेवा. चालीत लंगडेपणा येत असेल तर त्याच क्षणी थांबा आणि रिक्षाने घरी या. हाडावर एका बिंदूला दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही धाव नाही.

*सावधान:* आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊन लांब पळू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना त्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो, शिवाय दुखण्याची सूचना दबते. तापात तर अजिबात पळायचं नाही. विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असू शकतो. ताप गेल्यावर निदान आठवडाभर फक्त चालणं. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच.

टप्पा ७: शेवटचे तीन आठवडे

अठराची धाव झाली की नवीन काही कमवायचं राहत नाही. सोळाव्या आठवड्यात एकूण पळणं चौथा हिस्सा कमी, सतराव्यात निम्मं. दिवस तेच ठेवा, मिनिटं घटवा. या काळात पाय जड वाटतात, कुठेतरी नसलेलं दुखणं जाणवतं, आणि घाबरून माणूस एक शेवटची २० किलोमीटरची धाव मारतो. ती मारू नका.

शर्यतीचे कपडे, मोजे, बूट, अगदी नाडीची गाठसुद्धा एका लांब धावेत वापरून झालेली असावी. बुटाने आधी निदान ५० किलोमीटर पाहिलेले हवेत. काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांना व्हॅसलीन लावून पाहा. घासण्याचे फोड घामाने फार झोंबतात.

शेवटचे दोन दिवस जेवण नेहमीएवढंच, फक्त ताटात भात, पोळी, बटाटा जास्त आणि उसळी, कोशिंबिरी, भाकरी, तळण कमी. आदल्या रात्री डबल जेवून कर्बोदकं साठत नाहीत, झोप मात्र जाते. वरण-भात, तूप बेताचं, साडेसातच्या आत. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी काळजी नको. त्याआधीच्या दोन रात्री नीट झोपा.

नाशिकचा माणूस मुंबईला पळायला जातो तेव्हा एक गोष्ट विसरतो. आपण डिसेंबरच्या कोरड्या गारठ्यात सराव केलेला असतो, निफाडचा पारा तर कधी कधी पाच अंशांच्या खाली गेलेला असतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. तिथे किलोमीटरला १० ते २० सेकंद हळू सुरुवात करा. मीठ-पाण्याची सोय आधीपासून ठेवा.

टप्पा ८: शर्यतीची सकाळ

बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर छापलेला कागद, आदल्या रात्रीच टी-शर्टच्या छातीवर चार पिनांनी लावा. मागच्या बाजूला तुमचा रक्तगट आणि घरचा फोन लिहा. सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी उठून सरावातलंच खा. केळं आणि ब्रेड-जॅम, किंवा थोडा उपमा. रोज चहा घेत असाल तर घ्या, घेत नसाल तर आज सुरू करू नका. पाणी अर्धा लिटर, शेवटचा तास फक्त घोट. शौचालयाच्या रांगेसाठी तासभर आधी पोचा. थंडीसाठी टाकून देता येईल असा जुना शर्ट वर घाला.

वेगाचा हिशेब मनात पक्का हवा. तीन तासांसाठी किलोमीटरला ८:३२, अडीच तासांसाठी ७:०६, सव्वादोनसाठी ६:२४, दोन तासांसाठी ५:४१. गर्दीत वळणं घेत पळताना घड्याळात अंतर २१.३ किंवा २१.४ भरतं, म्हणून पाच-सहा सेकंद हातचे ठेवा. अडीच तास हवे असतील तर घड्याळात ७:०० दिसायला हवेत.

पहिले पाच किलोमीटर त्या सरासरीपेक्षा १० ते १५ सेकंद हळू. ढोल-ताशे वाजत असतात, सगळे पुढे जात असतात, पाय ताजे असतात. इथे गेलेली ताकद सोळाव्या किलोमीटरला परत मिळत नाही. सहा ते पंधरा ठरल्या वेगाने, खाणं वेळेवर, पाण्याच्या टेबलावर दहा पावलं चालत. घोटभर पाणी नीट पोटात जाणं, पळत पळत अंगावर सांडण्यापेक्षा बरं. सोळानंतर उरलं असेल तर खर्च करा. पोटरीत गोळा आला तर कडेला थांबा, गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढा, आणि मग हळू चालू लागा.

*सावधान:* छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळणं, उन्हात अंगावर शहारे. यातलं काहीही झालं तर त्याच जागी थांबायचं आणि वैद्यकीय पथकाला हाक मारायची. शेजारच्या धावकाला होताना दिसलं तर तुम्हीही थांबा.

टप्पा ९: शेवटच्या रेषेनंतर

*पहिला तास.* थांबू नका, बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. मग लगेच ओले कपडे बदला. नाशिकच्या जानेवारीत घामाने भिजलेला माणूस दहा मिनिटांत कुडकुडायला लागतो. फोटो कोरड्या कपड्यांतही छान येतात. तासाभरात काहीतरी खा, दूध आणि केळं, किंवा इडली-सांबार. पाणी घोटाघोटाने.

*प्रवास.* मुंबईहून गाडीने परत येणार असाल तर साडेतीन-चार तास गुडघे दुमडून बसणं होतं. तासाभराने उतरा, पाच मिनिटं चाला. कसारा घाटाच्या आधी एकदा आणि इगतपुरीला एकदा थांबाच. स्वतः गाडी चालवू नका. शक्यतो कुणाला तरी सोबत न्या.

*त्याच दिवशी.* दुपारी डाळ-भात, अंडी किंवा पनीर, दही. पुढचे दोन दिवस प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत. वरण घट्ट असू द्या. संध्याकाळी मित्र पार्टी ठेवतात. दारू त्या दिवशी नको, ती पाणी आणि झोप दोन्ही ओढून नेते. जोरकस तेलमालीश किंवा मांड्यांवर लाटणं फिरवणं अठ्ठेचाळीस तास टाळा, स्नायूंच्या तंतूंना आधीच बारीक इजा झालेली असते. कोमट पाण्याने अंघोळ, पाय उंच ठेवून पडणं आणि लवकर झोप.

*दुसरा-तिसरा दिवस.* दुखणं आता शिगेला पोचतं. जिना उतरताना कठडा धरावा लागेल. हे अपेक्षित आहे. २० ते ३० मिनिटं सपाट रस्त्यावर चाला, इतकंच. काळी पडलेली नखं दुखत नसतील तर तशीच राहू द्या.

*सावधान:* लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली, एकच पोटरी सुजून लाल-गरम झाली, किंवा चौथ्या दिवशीही एका जागी हाड दुखत राहिलं, तर वाट पाहू नका. दवाखाना गाठा.

*चौथा ते सातवा दिवस.* चालणं ४५ मिनिटांपर्यंत, सायकल किंवा पोहणं हलकं. पाचव्या दिवशी पाय मोकळे वाटतात आणि बहुतेक जण इथेच घसरतात. दुखणं गेलं म्हणजे आतली डागडुजी पुरी झाली असं नसतं. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. या आठवड्यात पळणं शून्य.

*दुसरा आठवडा.* आधी तीन चाचण्या घ्या. जिना कठडा न धरता उतरता येतो. उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठता येतं. सकाळची नाडी शर्यतीआधीच्या आकड्यावर परत आलेली आहे. तिन्ही जमलं तर मातीच्या मैदानावर २० मिनिटं, पुन्हा गप्पांच्या वेगाने. आठवड्यात तीनदा, मध्ये एक-एक दिवस सोडून. एकही चाचणी अडली तर आणखी तीन दिवस चालणं. घड्याळ घरी ठेवा म्हणजे वेग पाहायचा मोह होत नाही.

पदक मिळालेल्या रात्री फोनवर पुढच्या शर्यतीची नोंदणी करू नका. दोन हाफमध्ये निदान सहा आठवडे हवेत, आणि ते सहा आठवडे मोजायला शर्यतीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करायची, नोंदणीच्या दिवसापासून नाही. पावसाळ्यात साताऱ्याची घाटातली हाफ पळायची असेल तर तोवर भरपूर वेळ आहे.

याच पंधरवड्यात एक वही काढा आणि आठवतंय तोवर लिहून ठेवा. कोणत्या किलोमीटरला काय खाल्लं, कुठे पाय आखडले, कुठला मोजा घासला, किती वाजता उठलात, पहिला किलोमीटर किती वेगाने गेला. तिसऱ्या रविवारी गंगापूर रोडवर ८ किलोमीटर सावकाश पळून या आणि त्या पानाखाली पुढच्या वेळापत्रकाची पहिली तारीख टाका.